बक्षिसाची जागा

सव्वीस वर्षं मी मराठी नाटकांच्या विंगेत उभा राहून बोललो आणि एकाही प्रेक्षकाने माझा आवाज ऐकला नाही. प्रॉम्प्टरला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र नसतं. दिवसा मात्र सगळं उलटं होतं. मी झाशी स्टेशनवर उद्घोषक होतो. गाडी कुठून येते, कुठे जाते, किती उशिरा येते, हे मी अशा आवाजात सांगायचो की फलाटाच्या टोकाला झोपलेला माणूसही उठून बसायचा. संध्याकाळी तालमीला आलो की तोच आवाज गिळून टाकायचा आणि एकाच माणसाच्या कानापर्यंत पोचेल एवढाच बाहेर सोडायचा. आता स्टेशनवर यंत्र बोलतं. मला चौकशीच्या खिडकीत बसवलं आहे. नाटकं तर त्याच्या आधीच थांबली.

या अंकाच्या संपादकांनी विचारलं, "पाहताक्षणी बक्षीस पक्कं वाटावं असे रंगमंचावरचे क्षण तुम्ही अगदी जवळून पाहिलेत. त्यांच्याबद्दल लिहाल का?" मी हो म्हणालो आणि दोन महिने कागदाला हात लावला नाही. अशा क्षणांपैकी सर्वांत मोठा जो, ज्याची गोष्ट आमच्या मंडळात अजून सांगितली जाते, त्याबद्दल मी बारा वर्षं खोटं बोलत आलो आहे. ते सांगायचं टाळून बाकीचं लिहिता येईना.

आधी आमच्या मंडळाविषयी थोडं सांगतो. झाशीतले मराठी लोक दोन प्रकारचे. एक शहरातले, लक्ष्मी गेट, दतिया गेटच्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारे, ज्यांच्या घरात अजून आमच्या कानांना जुने वाटणारे मराठी शब्द चालतात. दुसरे आमच्यासारखे रेल्वेचे. माझे वडील भुसावळहून बदलून आले आणि इथेच राहिले. दोन्ही प्रकारच्या लोकांची मुलं शाळेत हिंदी, गल्लीत बुंदेली आणि घरी, आई ओरडली तर, मराठी बोलतात. अशा मुलांतून वर्षाला एक मराठी नाटक उभं करायचं आणि महाराष्ट्राबाहेरच्या मंडळांच्या स्पर्धेत न्यायचं, हा आमच्या आबांचा हट्ट होता. आबा आमचे दिग्दर्शक. आराखडे काढणारे नक्शानवीस म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे नाटकसुद्धा पट्टी-पेन्सिल घेऊन बसवायचे.

प्रॉम्प्टिंग म्हणजे पुस्तक वाचून दाखवणं नव्हे. नट थांबतो तेव्हा दोन शक्यता असतात. एक तर तो भूमिकेसाठी थांबला आहे किंवा विसरला आहे. पहिल्या वेळी बोललात तर तुम्ही त्याचा खून केलात. दुसऱ्या वेळी गप्प बसलात तरी खूनच. आबांनी मला पहिल्या वर्षी हात धरून शिकवलं होतं, "विनू, तीन बोटं मोज. पहिलं बोट नटाचं, दुसरं भूमिकेचं, तिसरं तुझं." मांडीवर तीन बोटं आपटायची आणि तिसऱ्याला पुढच्या वाक्याचा पहिला शब्द द्यायचा. फक्त पहिला. माणूस बुडत असेल तर त्याला दोरीचं टोक पुरतं.

झाशीत मला आणखी एक सोय होती. मुंबई-पुण्याचा नट विसरला की गप्प होतो. आमचा नट विसरला की हिंदीत जातो. डोक्यातलं मराठी संपलं की खालून हिंदी आपोआप वर येतं. एकदा एक भारदस्त काका, मुलीचं लग्न मोडल्याच्या प्रसंगात, "माझ्या जिवाची काय तगमग होते हे तुला..." इथपर्यंत आले आणि पुढे म्हणाले, "अब छोड़ो यार, जो होगा देखा जाएगा." प्रेक्षक इतके हसले की पुढच्या रडण्यालाही हसले. म्हणून मी कान हिंदीकडे लावून असायचो. पहिला हिंदी शब्द ओठांवर आला की आत उडी. हा माझा अनुभव इतका पक्का झाला होता की मी नव्या मुलांना सांगायचो, "आमचा माणूस गप्प झाला तर समजा तो अभिनय करतोय."

हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते फार महाग पडलं.

श्रीकांत नावाचा एक मुलगा मऊरानीपुरात बँकेत होता. तालमीला बसने यायचा आणि बसमध्येच पाठ करायचा. निवाडी आली की त्याचा पहिला अंक संपायचा, बरुआसागर आलं की दुसरा सुरू. एका प्रयोगात दुसऱ्या अंकाच्या तोंडाशी तो अडकला. मी पहिला शब्द दिला, काही नाही. सबंध वाक्य दिलं, तरी काही नाही. डोळे असे फिरवू लागला की आता हिंदी येणार. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हणालो, "बरुआसागर!" आणि गडी पाण्यासारखा सुरू झाला. नंतर मला म्हणाला, "विनूभैया, तुम्ही तो शब्द बोललात आणि मला समोर तिथला तलावच दिसला." आबांनी पुढच्या वर्षी त्याच्या संहितेच्या समासात बसथांबे लिहून दिले.

आता बक्षिसाच्या जागा. प्रत्येक नाटकात एक तरी असते. आबा ती लाल पेन्सिलने गोल करायचे आणि म्हणायचे, "इथे बक्षीस पडलंय, उचलायचं की तुडवायचं ते तुमच्या हातात." विंगेतून मला एक गोष्ट दिसायची जी नटांना दिसत नाही. तिसऱ्या रांगेत परीक्षकांचं टेबल, त्यावर छोटा दिवा आणि दिव्याखाली तीन हात. परीक्षक सतत लिहीत असतात. नट ओरडला, केस मोकळे सोडून रडला, जमिनीवर लोळला, तरी ते लिहितातच. पण कधी तरी, चार-पाच वर्षांतून एकदा, तिन्ही पेनं खाली ठेवली जातात. ती बक्षिसाची जागा.

एका बाहेरच्या मंडळाचा नट निवृत्त पोस्टमनच्या भूमिकेत होता. त्याने पाकिटाला लावायला तिकीट जिभेवर ओलं केलं, पाकिटाकडे पाहिलं आणि आपल्याला पत्र लिहायला कोणी उरलेलं नाही हे त्याच्या लक्षात आलं. तिकीट जिभेवरच. बास. तिन्ही पेनं खाली. मी आमच्या जिज्जींना कोपराने खुणावलं, "गेलं बक्षीस." त्या म्हणाल्या, "जाऊ दे रे. त्याच्या जिभेला डिंक चिकटला असेल, बिचारा."

या मालती जिज्जी. जिज्जी म्हणजे इथल्या बोलीत थोरली बहीण. त्या माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या आणि सगळ्या मंडळाच्याच जिज्जी होत्या. लक्ष्मी गेटला राहायच्या, सरकारी प्राथमिक शाळेत शिकवायच्या. यजमान वसंतराव पोस्टात. जिज्जींचं पाठांतर असं की स्वतःचं तर येतंच, समोरच्याचंही येतं. समोरचा अडकला की त्या स्वतःच्या वाक्यातून त्याला त्याचं वाक्य वाढायच्या, मला तोंड उघडावं लागायचं नाही. मी चेष्टेने म्हणायचो, "जिज्जी, तुम्ही असलात की माझी नोकरी जाते." त्या म्हणायच्या, "तू तिथे उभा असतोस म्हणून मला येतं, शहाण्या. नसतास तर एक ओळ येणार नाही." अठरा वर्षांत त्यांना मी एकदाही शब्द दिला नव्हता. एकदाही.

त्या वर्षी स्पर्धा झाशीत होती. यजमान आम्ही. आदल्या वर्षी एका परीक्षकाने आमच्याबद्दल जाहीरपणे म्हटलं होतं, "झाशीकर हिंदीत विचार करतात आणि मराठीत बोलतात." आबा ते वाक्य वर्षभर चघळत होते. आम्हाला त्याआधी कधी काहीही मिळालं नव्हतं, उत्तेजनार्थसुद्धा नाही.

नाटक आबांनीच लिहिलेलं. एक बाई, तिचा मोठा झालेला मुलगा. घर सोडून गेलेला नवरा कित्येक वर्षांपूर्वी एका दुपारी परत आला, दार वाजवत राहिला, दार उघडलं नाही, तो निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी मेलेला सापडला. बाई सगळ्यांना सांगत आली आहे की मी झोपले होते. शेवटच्या प्रवेशात मुलगा विचारतो, "आई, त्या दुपारी तू खरंच झोपली होतीस?" आणि ती म्हणते, "नाही. मी जागी होते." या ठिकाणी लाल गोल. मुलगा श्रीकांत, आई जिज्जी.

प्रयोग दुपारी तीनचा. सभागृह भरलेलं, सगळी झाशीची मराठी घरं हजर. पहिल्या रांगेत वसंतराव आणि मुलगी शुभा. नाटक चांगलं चाललं होतं. परीक्षक लिहीत होते. श्रीकांतने प्रश्न विचारला, "आई, त्या दुपारी तू खरंच झोपली होतीस?"

जिज्जी थांबल्या.

मी बोटं आपटली. एक, दोन, तीन. तिसरं माझं, पण मी बोललो नाही. तालमीत त्या इथे थांबत नसत, तरी मला वाटलं, जिज्जींनी आज काही नवीन काढलंय. त्या विसरतील हे मनातच आलं नाही. शिवाय त्या हिंदीत गेल्या नव्हत्या. गप्प होत्या. आमचा माणूस गप्प म्हणजे अभिनय. चार, पाच, सहा.

इथपर्यंत माझी चूक होती. चूक मी स्वतःला माफ केली असती.

सातव्या बोटाला जिज्जींनी मान वळवली. सावकाश, माझ्याकडे. सभागृहाला वाटलं आई मुलाची नजर चुकवते आहे. मला त्यांचे डोळे दिसले. अभिनय करणाऱ्या माणसाचे डोळे मी हजारदा पाहिले आहेत, त्यात आत कुठे तरी एक शांत माणूस बसलेला असतो. इथे कोणी बसलेलं नव्हतं. जत्रेत हात सुटलेल्या पोरीसारख्या त्या माझ्याकडे बघत होत्या. शब्द एकच होता, "नाही". माझे ओठ उघडले.

आणि मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. दिव्याखाली एक पेन खाली ठेवलेलं. मग दुसरं. तिसऱ्या परीक्षकाने चष्मा काढला होता.

मी ओठ मिटले.

किती वेळ गेला मला माहीत नाही. माझी बोटं थांबली होती. श्रीकांतचा चेहरा पांढरा पडला होता. जिज्जी चालू लागल्या. कुठे चालल्या त्यांना कळत नव्हतं, हे फक्त मला कळत होतं. त्या नेपथ्यातल्या दाराशी पोचल्या, हात कडीला लागला आणि कडीच्या गार लोखंडाने त्यांना परत आणलं असावं. दाराकडे तोंड करून, प्रेक्षकांकडे पाठ, त्या म्हणाल्या, "नाही. मी जागी होते."

टाळ्या नाटक संपल्यावर वाजल्या. त्या जागी कोणी टाळीही वाजवली नाही. सभागृह नुसतं श्वास सोडताना ऐकू आलं.

आम्हाला नाटकाचं पहिलं बक्षीस मिळालं आणि जिज्जींना अभिनयाचं. परीक्षकांनी त्या शांततेबद्दल बराच वेळ भाषण केलं. शब्द टाकून देण्याचं धैर्य, पाठमोरा अभिनय, असं पुष्कळ. आबा रडत होते. श्रीकांत मला मिठी मारून म्हणाला, "विनूभैया, आपकी हिम्मत है! मी असतो तर ओरडून वाक्य दिलं असतं."

मेकअपच्या खोलीत जिज्जी एकट्या खुर्चीवर बसल्या होत्या. चेहऱ्यावरचा रंग तसाच. मला बघून म्हणाल्या, "विनू, तुझी पानं उलटली होती का रे?"

मी म्हणालो, "हो जिज्जी. दोन पानं एकदम उलटली. शोधत होतो."

"हं," त्या म्हणाल्या. "होतं असं."

पानं उलटलेली नव्हती. माझी पानं कधीच उलटायची नाहीत. प्रत्येक पानाचा कोपरा मी वेगळा दुमडलेला असायचा, आणि जिज्जींना ते माहीत होतं. अनेकदा त्याच तो दुमडायला बसायच्या.

खरं पाप याच्या पुढचं. गणेशोत्सवात मंडळाने जिज्जींचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, सगळे त्या शांततेबद्दल बोलले. जिज्जी उठल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही सगळे त्या जागेचं कौतुक करता, पण मला खरं सांगायचंय. तिथे मी अभिनय केला नाही. मी विसरले होते. वाक्य नाही, सगळंच. मी कुठे उभी आहे, समोरचा मुलगा कोण, काही कळत नव्हतं. मला त्याची भीती वाटते आहे." लोक हसू लागले होते. कोणी म्हणालं, "वाह जिज्जी, क्या विनम्रता है!" त्या गोंधळल्या. आवाज चढवून म्हणाल्या, "खरंच सांगते. विचारा विनूला."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आबांचीही. त्यांच्या मांडीवर बक्षिसाचं पदक होतं, पिशवीत गुंडाळून आणलेलं.

मी हात जोडले आणि म्हणालो, "मोठी माणसं अशीच बोलतात. हा जिज्जींचा मोठेपणा."

टाळ्या पडल्या. जिज्जींनी माझ्याकडे एकदा पाहिलं, शालीची घडी नीट केली आणि बसल्या. त्या विषयावर त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत. नाटकाचे आणखी तीन प्रयोग झाले. आबा सांगायचे, "ती शांतता तश्शीच हवी." जिज्जी मनातल्या मनात आकडे मोजून ती करायच्या, मी विंगेतून बघायचो. परीक्षक नसायचे, पण असते तरी लिहीतच राहिले असते. त्यानंतर त्यांनी काम सोडलं. सांगितलं, डोळ्यांना दिव्यांचा त्रास होतो.

पुढचं थोडक्यात सांगतो. दोन वर्षांनी त्या दतिया गेटच्या बाजारातून घरी येताना वाट चुकल्या. जन्म गेला त्या रस्त्यावर. तेव्हाही घरच्यांनी थट्टा केली. आणखी दोन वर्षांनी वसंतरावांनी त्यांना ग्वाल्हेरच्या डॉक्टरांकडे नेलं. आजाराला नाव मिळालं. वसंतरावांनी विचारलं, "आधी कळलं असतं तर?" डॉक्टर म्हणाले, "औषध फारसं नाही. पण त्यांना वेळ मिळाला असता. सांगायचं ते सांगून ठेवायला, तयारी करायला." हे मला शुभाने सांगितलं, सहज, फोनवर. मी फोन ठेवला आणि वर्षं मोजली. चार वर्षं ती बाई एकटी घाबरत होती. तिने एकदा भर सभेत हाक मारून साक्षीदार मागितला होता आणि साक्षीदाराने हात जोडून तिला खोटं पाडलं.

मी त्यांच्या घरी जात राहिलो, पण सणावारी, चार माणसांत. एकटा जायला धजलो नाही. संपादकांचं पत्र आल्यावर मात्र वाटलं, लिहायचं तर आधी तिथे सांगायला हवं. एका रविवारी सकाळी लक्ष्मी गेटला गेलो.

वसंतराव पेपर वाचत होते. जिज्जी खिडकीशी, मांडीवर शेंगांची परात. शेंगा सोलत होत्या, दाणे टरफलांत टाकत होत्या आणि टरफलं दाण्यांत. मला बघून म्हणाल्या, "को आय?" कोण आहे, असं बुंदेलीत. मराठी त्यांच्या तोंडून आता क्वचित येतं, 'नाही'चंही 'नइयाँ' झालं आहे. लहानपणी गल्लीत बोलल्या ते राहिलं आहे.

मी वसंतरावांसमोर बसून सगळं सांगितलं. सात बोटं, पेनं, मिटलेले ओठ, पानांचं खोटं, सत्कार. पोस्टातला माणूस, त्यांनी पेपरची घडी पाकिटासारखी चारी बाजूंनी नीट घातली.

"सत्काराला पहिली टाळी माझी होती," ते म्हणाले. "हे माहीत आहे तुला?"

त्यांनी घडी घातलेला पेपर बाजूला ठेवला.

"आणि पानांचं तिला माहीत होतं. त्याच दिवशी घरी येऊन म्हणाली, विनूचे ओठ उघडले होते, मग मिटले. मी म्हणालो, मग भांड जाऊन त्याच्याशी. तर म्हणाली, नको."

"का?"

"म्हणाली, तोही विसरलाय. आठवलं की येईल."

स्वयंपाकघरातून शुभा चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली. तिला मराठी सगळं कळतं, बोलते हिंदीच. "बारह साल लगे आपको, भैया," ती म्हणाली. रागाने नाही. कप माझ्या हातात दिला.

मी वसंतरावांना विचारलं, "लिहू का हे?"

"लिही. नावं बदल." मग म्हणाले, "पण ती विसरली होती, हे स्पष्ट लिही. गोलमाल करू नकोस. तिला तेव्हा तेवढंच हवं होतं."

नावं बदलली आहेत. आता स्पष्ट लिहितो. आमच्या मंडळाला ज्या शांततेसाठी बक्षीस मिळालं तो अभिनय नव्हता. जिज्जी विसरल्या होत्या. त्यांनी हे त्याच वर्षी सगळ्यांसमोर सांगितलं होतं आणि ते खरं होतं. मी शब्द हातात घेऊन चार पावलांवर उभा होतो. मी जागा होतो. आबा आता नाहीत. त्यांना हे वाचावं लागलं नाही याचं मला बरं वाटतं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटते. पदक मंडळाच्या कपाटात आहे. ते काढावं असं मी म्हणत नाही, कारण बाकीचे दोन अंक जिज्जींनी खरंच तोलामोलाचे केले होते.

त्या रविवारनंतर मी दर आठवड्याला जातो. शेजारी बसतो, शेंगा निवडतो, टरफलं वेगळी करतो. जिज्जी मध्येच काही सांगायला लागतात आणि थांबतात. मग मान सावकाश माझ्याकडे वळते. तीच नजर. शुभाचं म्हणणं, "भैया, थोड़ा रुका करो, डॉक्टर कहते हैं खुद ढूँढने दो." तिचं बरोबर असेल. पण मला रुकणं जमत नाही. मी आता बोटं मोजत नाही.

गेल्या आठवड्यात शुभा समोर उभी होती. जिज्जी तिच्याकडे बोट दाखवून मला काही सांगू लागल्या, "जा हमाई... जा..." म्हणजे ही आमची, एवढं बोलून थांबल्या. माझ्याकडे वळल्या. मी लगेच म्हणालो, "शुभा!" घाईत स्टेशनवरचा आवाज लागला. वसंतरावांनी दचकून पेपर खाली केला. गल्लीतून एक सायकलवाला आत डोकावून गेला. माझ्या सबंध आयुष्यात मी इतका वाईट प्रॉम्प्ट दिला नव्हता, सगळ्या सभागृहाला ऐकू गेलेला.

"शुभा," जिज्जी म्हणाल्या. समाधानाने. मग कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "सो इत्ते जोर सें काय चिल्ला रए? हम बहरी नइयाँ."